रनर व्यायामशाळेतही पळतच असतो

जून उजाडला की सांगलीतल्या आमच्या व्यायामशाळेत दोन प्रकारची माणसं नव्यानं दिसायला लागतात. एक, डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट दाखवून घाबरवलेली. दुसरे, साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलेले रनर. पहिल्यांचा मला काही त्रास नाही, सांगेल ते निमूट करतात. रनरांनी मात्र यूट्यूबवर सगळं आधीच बघितलेलं असतं. पाच-पाच किलोचे डंबेल घ्यायचे, तीस-तीस रेप्स मारायच्या (वजन एकदा वर-खाली झालं की एक रेप, सलग रेप्सचा एक सेट) आणि दोन सेटच्या मध्ये पाणी प्यायलासुद्धा थांबायचं नाही, असा त्यांचा पक्का बेत ठरलेला. का म्हणून विचारलं तर उत्तरही ठरलेलं, "सर, आम्हाला बॉडी नाही करायची, स्टॅमिना पाहिजे."

अहो, स्टॅमिना तुम्ही दर रविवारी हरिपूर रोडला फेऱ्या मारून कमावताच आहात की. तोच इथं पंख्याखाली परत कमवायला महिन्याची फी कशाला भरता?

दरवर्षी हे नव्या बॅचला तोंडी सांगून माझा घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच ठेवतोय. पळणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी वजन उचलावं, जड उचलावं, थोडं उचलावं, आणि मध्ये भरपूर बसावं. यातलं "बसावं" हेच त्यांना सगळ्यात जड जातं.

मी मूळचा वेटलिफ्टिंगचा माणूस. कृष्णाकाठचा आमचा पट्टाच तसा. कुरुंदवाडचे ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून कांस्यपदकं घेऊन आले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या पोरांना स्नॅच आणि क्लीन अँड जर्क ही नावं पाठ आहेत. आमच्या खेळात एक लिफ्ट काही सेकंदांत संपते, मग माणूस खुर्चीवर जाऊन निवांत बसतो. त्यामुळे दोन-दोन तास पळणाऱ्यांकडे मी कायम जरा लांबूनच बघायचो. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि बायकोनं सकाळी आमराईत चालायला सुरुवात केली. चालण्याचं पळणं झालं, पळण्याचं दहा किलोमीटर झालं, आणि एका रविवारी बाईसाहेब गळ्यात मेडल घालूनच दारात उभ्या. रनर घरातच निघाल्यावर अभ्यास करणं आलं. तिचा गुडघा दुखायला लागला की स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, तुम्ही एवढे व्यायामशाळेवाले, जरा बघा की!"

तर मुद्द्याचं. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून तुमच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर उलटा येतो. हाफ मॅरेथॉनमध्ये अशी वीसेक हजार पावलं पडतात. आता समजा, तुमच्या पायात जेवढी कमाल ताकद आहे तिच्यातला तिसरा हिस्सा एका पावलाला खर्ची पडतोय. कमाल ताकद वाढवली की तेच पाऊल चौथ्या हिश्श्यात भागतं. वेग तोच, रस्ता तोच, फक्त पायातले जे जोरकस पण लवकर थकणारे तंतू आहेत त्यांना उशिरा कामाला लावावं लागतं. सोळाव्या किलोमीटरनंतर ज्यांचे पाय गळतात, त्यांचा दम बहुतेक वेळा शाबूत असतो. "सर, श्वास ठीक होता हो, पायच उचलेनात," हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचं सांगायच्या आत मी त्यांना स्क्वॉटच्या, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांच्या, रॅककडे नेतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. १९९९ साली फिनलंडमध्ये पाव्होलाइनेन या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी चांगल्या दर्जाच्या क्रॉस कंट्री धावपटूंवर नऊ आठवडे प्रयोग केला. सरावाचे एकूण तास तेवढेच ठेवले, पण त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा काढून तिथे छोट्या स्प्रिंट, उड्या आणि हलक्या वजनावर झपाट्यानं मारायचे पायाचे व्यायाम घातले. पाच किलोमीटरची वेळ सुधारली. गंमत अशी की ज्याच्यासाठी आपले रनर घड्याळाकडे टक लावून बसतात तो व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, जागचा हलला नव्हता. त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन कमी झाला होता. म्हणजे इंजिन तेच राहिलं, ॲव्हरेज वाढलं.

दुसरा प्रयोग नॉर्वेचा, २००८ चा, आणि हा माझा विशेष लाडका. स्टोरेन आणि मंडळींनी सराव असलेल्या धावपटूंना एकच व्यायाम दिला, हाफ स्क्वॉट. चार सेट, प्रत्येकी चार रेप्स, आणि वजन एवढं की पाचवी रेप निघू नये. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. पळण्यातली काटकसर पाच टक्क्यांनी सुधारली, आणि ऑक्सिजनच्या जोरावर गाठता येणाऱ्या कमाल वेगाला माणूस किती वेळ तग धरतो ते एकवीस टक्क्यांनी वाढलं. शरीराचं वजन मात्र वाढलं नाही. चार चोक सोळा रेप्स! आमच्याकडचा रनर एवढ्या रेप्स वॉर्मअपमध्येच उडवतो आणि वर विचारतो, "झालं एवढंच?"

वजन न वाढता ताकद वाढते कशी, हा प्रश्न आमच्याकडं येणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारला होता, आणि तो बरोबरच आहे. ताकद ही फक्त स्नायूच्या जाडीत नसते. मेंदूकडून निघालेला हुकूम एका वेळी किती तंतूंपर्यंत आणि किती झटक्यात पोचतो, यावरही ती असते. जड वजन आणि थोड्या रेप्स यांनी ही तारांची जोडणी सुधारते. स्नायू फुगवायचे तर सेट भरपूर मारावे लागतात, खाणं वाढवावं लागतं आणि पळणं कमी करावं लागतं. आठवड्याला चाळीस किलोमीटर पळणाऱ्या माणसाचे दंड शर्टात मावेनासे होतील ही भीती त्यानं मनातून काढून टाकावी. बॉडी करायला इथं येणारी पोरं वर्षवर्षभर घाम गाळतात, तरी त्यांची होत नाही.

उलट भ्यायचं तर आमच्यासारख्यांनी भ्यावं. १९८० साली अमेरिकेत हिक्सन या संशोधकानं एका गटाला ताकदीचा आणि दमाचा असे दोन्ही व्यायाम जोरात करायला लावले. दहा आठवड्यांचा प्रयोग होता. पहिले सहा-सात आठवडे ताकद छान वाढली, मग अडली आणि शेवटी उतरायला लागली. दम मात्र दोन्ही करूनही वाढतच राहिला. म्हणजे तोटा झाला तो ताकदीचा, दमाला ओरखडाही नाही. वजन उचलल्यानं पळणं बिघडतं असं म्हणणाऱ्यांनी हर्ब इलियटचंही नाव आठवावं. ऑस्ट्रेलियाचा हा गडी पर्सी सेरुटी नावाच्या विक्षिप्त प्रशिक्षकाच्या हाताखाली पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्या चढायचा आणि बारबेलही उचलायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यानं १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं ते ३ मिनिटं ३५.६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. तेव्हा कसलं घड्याळ आणि कसलं ॲप!

कंडरांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. टाचेच्या मागची जाड अकिलीस कंडरा पळताना ताणली जाते आणि परत आखडते, आणि त्या आखडण्यातून तुम्हाला फुकटचा उसळा मिळतो. सायकलच्या टायरमध्ये हवा कमी असली की पायडल मारलेलं अर्धं टायरच खातो, तसं ढिल्या कंडरेचं होतं. ही कंडरा ताठ व्हायची तर तिला मोठा भार द्यावा लागतो, सावकाश द्यावा लागतो, आणि तिला महिने लागतात. स्नायू चार-सहा आठवड्यांत ताकद दाखवायला लागतो, कंडरा मागाहून येते. मधल्या काळात माणूस खुशीत येऊन वेग वाढवतो, आणि टाच धरून बसतो. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरच्या शर्यतीसाठी जूनमध्ये येणाऱ्यांना मी म्हणतो, आलात ते बरं झालं, पण खरं तर गेल्या दिवाळीनंतर यायला हवं होतं.

आता आखाड्यातल्या मंडळींचा रोष पत्करून एक सांगतो. कोल्हापूरकडचे आमचे एक नात्यातले काका जुने पैलवान. लग्नकार्यात भेटले की रनरांचा विषय निघतोच. "पाचशे बैठका मारायला लाव त्यांना, घाट काय, डोंगर चढतील." काकांपुढं मी काही बोलत नाही, मान डोलावतो. पण पाचशे बैठका मारणाऱ्याची शेवटची बैठक आणि पहिली बैठक एकाच वजनाची असते, आणि ते वजन त्याचं स्वतःचं. कुस्तीला ते लागतं. समोरचा अंगावर आलेला असताना पाय थरथरू नयेत यासाठी ते उत्तमच. रनरला मात्र तो गुण रस्त्यावर आधीच मिळालेला असतो. त्याच्याकडे नसते ती एका झटक्यात जास्तीत जास्त जोर काढायची ताकद. हां, जोर मारा, सपाट्या मारा, खांदे आणि पोट कणखर होतात, शेवटच्या टप्प्यात पाठीला बाक येत नाही. गदाही फिरवा, मजा येते. फक्त त्याला जड स्क्वॉटचा पर्याय समजू नका.

आमच्याकडं प्रत्यक्ष काय चालतं ते सांगतो. सुरुवात काठीनं होते, बारला हातसुद्धा लावू देत नाही. काठी पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागं, एक कमरेमागं. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे, डोक्याच्या मागं, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर. भिंतीकडं पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहायचं आणि काठी न सोडता पार्श्वभाग मागं नेऊन भिंतीला टेकवायचा. गुडघे जरासेच वाकलेले. ऐकायला काहीच नाही. पण रनरला "वाका" म्हटलं की तो पाठीतून वाकतो, दिवसभर लॅपटॉपपुढं तेच करत असतो ना. "सर, माझी काठी डोक्यावरून सुटतेय," त्या बँकेतल्या मॅडम म्हणाल्या. सुटू दे, परत. मग हनुवटी वर करून त्यांनी ती टेकवली तर माकडहाडावरून सुटली. अशी त्या काठीशी झोंबाझोंबी करता करता एकदाची ती तिन्ही ठिकाणी टेकली, मांडीच्या मागं ताण आला, आणि त्या एकदम "आं!" करून थांबल्या. तो ताण कळला की डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं, निम्मी आली. ज्या स्नायूंनी पाय मागं रेटायचा असतो, ते या बाईंना पहिल्यांदाच भेटले होते.

मग डेडलिफ्ट, स्क्वॉट, एका पायावरचं काहीतरी आणि पोटऱ्या. दंडखांद्यांचं थोडंफार. संपलं. यापेक्षा जास्त व्यायाम मागितले तर देतो, पण ते मनोरंजनासाठी. स्क्वॉटला आधी मागं बाक ठेवतो, त्याला टेकून उठायचं. पहिला महिना आठ-आठ रेप्स, हलक्या वजनावर, शिकण्यासाठी. मग सहा, मग पाच, मग चार, आणि वजन हळूहळू वर. सेट संपवताना अजून एक-दोन रेप्स पोटात शिल्लक असल्या पाहिजेत. डोळे पांढरे होईस्तोवर मारायचं नाही, कारण उद्या सकाळी पळायचंय. माझा स्वतःचा एक अंदाज आहे, स्वतःच्या वजनाइतका बार खांद्यावर घेऊन पाच स्वच्छ स्क्वॉट मारता आले की हौशी रनरला पुष्कळ झालं. बायकोला तिथं पोचायला वर्षाच्या वर लागलं आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

विश्रांतीचं मी वर म्हणालोच. दोन सेटमध्ये तीन मिनिटं. खरी तीन. यासाठी मी सगळ्यांची घड्याळं काढून टेबलावर ठेवायला लावतो, आणि खरं सांगतो, त्या वेळी काही जणांचे चेहरे मंगळसूत्र मोडायला काढल्यासारखे होतात. हृदयाचे ठोके किती आहेत ते कळलं नाही तर व्यायाम झाला असं त्यांना वाटतच नाही. एक डॉक्टर तर त्या तीन मिनिटांत जागच्या जागी उड्या मारायचे. त्यांना म्हटलं, डॉक्टर, पेशंटला तुम्ही गोळ्यांच्या मध्ये आठ तासांचं अंतर सांगता ते कशासाठी? तेव्हापासून बसतात. बसून पाय हलवतात, पण बसतात.

पोटऱ्यांकडं कुणाचंच लक्ष नसतं. पळताना अकिलीस कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो, आणि त्यातला मोठा वाटा पोटरीच्या आतल्या चपट्या स्नायूचा, सोलियसचा. नव्या माणसाला मी व्यायामशाळेच्या पायरीवर एका पायावर उभं करतो. हात भिंतीला नुसता टेकलेला, गुडघा सरळ, टाच पूर्ण वर, पूर्ण खाली, सावकाश. पंचवीस झाल्या तर ठीक. पूर्ण मॅरेथॉन पळालेली माणसं पंधरावर अडकतात, आणि उजवा-डावा पाय यांत पाच-सहाचा फरक निघाला की मग आठवतं, "हां सर, ह्याच पायाची टाच सकाळी उठल्यावर दुखते." सोलियसला गुडघा वाकवून काम द्यावं लागतं. बाकावर बसायचं, पंजे एका जाड फळीवर, गुडघ्यांवर पोत्याची घडी आणि तिच्यावर बार. वर जाताना दोन मोजायचे, वर थांबायचं, उतरताना तीन. त्याची मशीन बाजारात मिळते, पण आमचं पोतं आणि बार काही कमी नाही. इथं वजन कंजूसपणानं लावू नका. पोटरीला रोजच जिने चढायची सवय आहे, दहा किलोनं तिला जागसुद्धा येत नाही.

साताऱ्याचं एक खास सांगतो, कारण तिथं दरवर्षी आमच्याकडची बस जाते. २०१२ पासून ही शर्यत होते. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला जाऊन वळायचं आणि आलो तसं परत उतरायचं. आमची सांगली सपाट. चढाचा सराव करायचा तर दंडोबाच्या डोंगरावर नाहीतर पन्हाळ्याला जावं लागतं. त्यामुळे सगळे चढाच्या धसक्यात असतात, आणि मांड्या भरून येतात त्या उताराला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असताना ब्रेक लावत असतो. सवय नसेल तर त्याच्यात बारीक बारीक इजा होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस जिना उलटा उतरतो. यावर इलाज सोपा आहे. हाच ब्रेक आधी थोड्या मात्रेत लावून दाखवला की शरीर पुढचे काही आठवडे ते लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. म्हणून शर्यतीच्या आधीच्या दोन महिन्यांत मी पायरीवरून एका पायानं सावकाश खाली उतरायचा व्यायाम देतो. एक पाय पायरीवर, दुसऱ्याची टाच जमिनीला अलगद टेकवायची, चार मोजत. गुडघा आत पडू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी अगदी थोडे, कारण त्याच दिवशी जिना उलटा उतरायची वेळ आणायची नाहीये. दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्सला, नव्वदेक किलोमीटरच्या शर्यतीला, अलीकडं आपल्याकडून पुष्कळ मंडळी जातात. ज्या वर्षी ती पीटरमारित्झबर्गकडून खाली डर्बनकडं असते, त्या वर्षी तर हा व्यायाम टाळूच नये.

उड्या सगळ्यात शेवटी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलपर्यंत गेली आणि दहावी आली. त्या शर्यतीत तीन हजार मीटर पळता पळता अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. दमलेल्या पायानं पस्तीसाव्या वेळी उडी घेऊन, उतरून, लगेच पुढचं पाऊल टाकायचं म्हणजे पाय किती ताठ आणि किती चपळ लागत असतील! आपल्याला अडथळे नाहीत, पण पाऊल जमिनीला टेकून झटक्यात सुटलं पाहिजे हे आपल्यालाही लागू आहे. दोरीवरच्या उड्या सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित. गुडघे फार न वाकवता, पंज्यावर, वीस-तीस उड्या, मग थांबायचं. दोन-तीन महिने वजन मारून झाल्याशिवाय खोक्यावरून उडी मारायला मी कुणाला परवानगी देत नाही. चाळिशीच्या पुढचे तर रडले तरी नाही.

सायकलवाल्यांची वेगळी तक्रार असते. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी, साडेतेरा तासांत संपवणारा माणूस म्हणतो, माझ्या पायांना आणखी काय करायचं? त्यांना मी रोनेस्टाड यांचं काम सांगतो. नॉर्वेतच त्यांनी सायकलपटूंना बारा आठवडे जड वजनाचा व्यायाम दिला. मग १८५ मिनिटं सायकल चालवून झाल्यावर शेवटची पाच मिनिटं जीव तोडून मारायला लावली. वजन उचललेल्यांनी त्या पाच मिनिटांत आधीपेक्षा जास्त जोर काढला. ब्रेव्हेत शेवटचा घाट कुठं येतो ते ज्यानं चालवलीय त्याला ठाऊक आहे. शिवाय सायकलवर हाडांना धक्का बसत नाही, त्यामुळे नुसती सायकल चालवणाऱ्यांची हाडं ठिसूळ राहण्याचा धोका असतो, तो भाग वेगळाच.

हाडांवरून बायकांचा विषय काढतो, कारण आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक वहिनी पंचेचाळिशीच्या पुढच्या आहेत आणि घरून "जड उचलू नकोस" ऐकून येतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी झालेल्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली खरोखरचं जड वजन दिलं. पाच सेट, पाच रेप्स, डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर बार. २०१८ मध्ये निकाल आला. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची कमी झाली. पंचवीस किलोचं गव्हाचं पोतं सरकवणारी बाई इथं येऊन गुलाबी रंगाचा दोन किलोचा डंबेल शोधते, तेव्हा मी तो लपवून ठेवतो. खरंच ठेवतो, कपाटात आहे.

पण एक अट. खाल्लं पाहिजे. सकाळी उपाशी पळायचं, दिवसभर चहावर काढायचं आणि संध्याकाळी डेडलिफ्ट मारायला यायचं हे चालणार नाही. रोज शरीराच्या दर किलोमागं दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन गेलं पाहिजे. अंडी, दूध, दही, पनीर, मटकी, डाळ, चालत असेल तर चिकन-मासे. वरणाच्या पाण्यात ते होत नाही, घट्ट वरण लागतं. पळणाऱ्या एखाद्या पोरीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते जास्त व्यायामाचं मेडल समजू नये. खाणं कमी पडतंय, हाडांवर येईल, डॉक्टरांना दाखवावं. आणि ज्यांचं बीपी ताब्यात नाही त्यांनी आधी ते ताब्यात आणावं, मग माझ्याकडं यावं.

वार कसे बसवायचे हा शेवटचा प्रश्न. नोकरीवाल्याला मी सांगतो, ज्या दिवशी सकाळी इंटरव्हल (मध्ये-मध्ये दम घेत वेगात पळणं), त्याच दिवशी संध्याकाळी वजन. मध्ये निदान सहा तास जाऊ द्या. अवघड ते सगळं एका दिवशी उरका, म्हणजे दुसरा दिवस खरोखरच हलका राहतो. मंगळवार आणि शुक्रवार बहुतेकांना जमतात. रविवारी लाँग रन असेल तर शनिवारी पायांना हात लावायचा नाही. शर्यतींचा मोसम सुरू झाला की आठवड्यातून एकदाच, रेप्स त्याच, सेट कमी, वजन मात्र उतरवायचं नाही. एवढ्यावर कमावलेली ताकद टिकते. पूर्ण सोडलं तर दोनेक महिन्यांत उतरायला लागते, आणि दिवाळीनंतर परत काठी हातात येते.

शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी शेवटचं जड सत्र. त्यानंतर आलात तर गप्पा मारायला या, चहा पाजतो. आणि नव्या बॅचला आत्ताच सांगतो, ते जाड तळव्याचे पंधरा-पंधरा हजारांचे बूट घालून बारखाली उभं राहायचं नाही, गुबगुबीत तळव्यावर पाय डगमगतो. सपाट कॅनव्हासचे चालतील. नसतील तर मॅटवर अनवाणी उभे राहा, बूट दाराबाहेर काढून ठेवा. चोरीला जाणार नाहीत, कुत्रं मात्र एक आहे.